ओर्माचा चेहरा

"या भागात आपण सगळं उघडं करायचं," दिग्दर्शक म्हणाले, आणि मी मूर्खासारख्या टाळ्या वाजवल्या. तीन बोटांच्या रबरी हातांनी धड टाळ्या वाजत नाहीत, नुसतं फटफट होतं. तरी वाजवल्या. सगळे हसले. मीही आतल्या आत हसले.

आमची मालिका अवकाशयानाची. दर शनिवारी संध्याकाळी लागायची. यानाचा कप्तान, त्याचे चार-पाच साथीदार, आणि त्यांच्यात एक परग्रहावरची पाहुणी, ओर्मा. निळसर कातडीची, लांब मानेची, गालांवर माशासारखे कल्ले असलेली. पाण्याच्या ग्रहावरून आलेली, म्हणून जमिनीवरसुद्धा पाण्यातून चालल्यासारखी चालायची. आधी चवडा टेकायचा, टाच अगदी शेवटी, आणि हात मागे रेंगाळायचे. ही चाल मी घरातल्या न्हाणीघरात बसवली होती. पोरं शाळेत तिची नक्कल करायची म्हणे. त्या निळ्या कातडीच्या आत अकरा वर्षं मी होते.

रोज सकाळी रबरदादा माझ्या तोंडावर ओर्मा चिकटवायचे. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर असेल, पण शिपायापासून मालकापर्यंत सगळे त्यांना रबरदादाच म्हणत. आधी डिंक, मग मुखवट्याचे गाल दाबायचे, मग हनुवटी, मग कपाळ. संध्याकाळी तेच सगळं सोलून काढायचं. पहिली दोन वर्षं नुसती खाज सुटायची. मग लाल चट्टे उठायला लागले. पुढे हनुवटीपासून कानापर्यंतची कातडी जाड आणि खरबरीत झाली, मध्येच पांढरी पडली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तो डिंक बंद करा." मी म्हटलं, "मग घरची चूलही बंद करावी लागेल." त्यांनी मलम लिहून दिलं.

करारात एक कलम होतं. ओर्माच्या आत कोण आहे हे बाहेर कळता कामा नये. मुलांचा भ्रमनिरास होतो, असं कारण दिलं होतं. म्हणून शेवटच्या नामावलीत माझ्या जागी नुसतं 'ओर्मा' लिहून यायचं. मी गप्प राहिले. आई राहिली नाही. आमच्या इमारतीत तिनं सगळ्यांना सांगून टाकलं होतं, आणि इमारतीत कोणाचाही त्यावर विश्वास बसला नव्हता. "हो का? वा वा," एवढं म्हणून लोक जिना उतरायचे.

तर आता हा भाग. लेखकाच्या डोक्यातून निघालेला. गोष्ट अशी की यानाची एक भिंत हलते. कप्तान हात लावून बघतो तर ती लाकडाची. तो भिंत ढकलतो आणि पलीकडे काय, तर आमचाच स्टुडिओ. उघडं प्लायवुड, खिळे, वायरींची भेंडोळी, काळ्या कापडाला भोकं पाडून केलेले तारे, त्यामागचे दिवे, शिडीवर बसलेला दिवेवाला, चहाचे कप. सगळे साथीदार हक्काबक्का होऊन बाहेर येतात. शेवटी कप्तान ओर्माकडे वळतो आणि विचारतो, "मग तू कोण?" आणि ओर्मा मुखवटा काढते.

"तिथून पुढे मी काही लिहिलेलं नाही," लेखक मला म्हणाला. "तुझं तू बोल. जे वाटेल ते. अकरा वर्षांचं साठलं असेल ना?"

"पण माझा चेहरा..." मी दिग्दर्शकांकडे बघून म्हटलं.

"तोच तर हवाय," ते म्हणाले. त्यांनी माझा रबरी हात हातात घेतला. "खरं ते खरं. आता लपवाछपवी नाही."

मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे हे. नंतर ते नाही म्हणाले, म्हणून मुद्दाम सांगते.

चित्रीकरणाच्या दिवशी सेटवर एरवी फिरकत नाहीत ती माणसंसुद्धा जमली होती. शिवणखात्यातल्या बाया आल्या होत्या, जेवणाचा गाडा ढकलणारा आला होता. कप्तान समोर उभा होता. कप्तान म्हणजे कप्तानाचं काम करणारा नट, पण आम्ही त्याला एरवीही कप्तानच म्हणायचो. माझं या जागी कोणाशी जमलं असेल तर त्याच्याशी. माझ्या तोंडाला रबर असायचं म्हणून मला नळीनं प्यावं लागायचं, आणि माझ्या त्या बोटांत नळी धरवायची नाही, म्हणून तो पेला धरून बसायचा. त्याचे वडील गेले तेव्हा तो माझ्या रबरी खांद्यावर डोकं ठेवून रडला होता. रंग खराब झाला म्हणून रबरदादा दोघांना ओरडले होते.

"मग तू कोण?" कप्तान म्हणाला.

मी कानामागे बोटं घातली. रबरदादांनी त्या दिवसापुरता डिंक कमी लावला होता. मुखवटा सुटला. उजेड थेट तोंडावर आला आणि चट्टे चुरचुरले. मग मी कॅमेऱ्याकडे बघितलं. कॅमेऱ्याकडे बघायचं नाही हे नटाला पहिल्या दिवशी शिकवतात, पण त्या भागात सगळंच मोडायचं होतं.

"माझी आई दर शनिवारी माझ्यासाठी टीव्ही लावते," मी म्हटलं, "आणि मी दिसत नाही. माझे डोळे शोधत बसते ती. डोळे तेवढे माझे असतात ना. आई, बघ. ही मी."

कप्तानाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. दिग्दर्शक 'कट' म्हणायचं विसरले. मग टाळ्या झाल्या. दिवेवाला शिडीवरून शिट्टी मारत होता. त्या संध्याकाळी मी आईला म्हटलं, "या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी बोलाव कोणाला बोलवायचं ते."

तिनं जिना पालथा घातला. समोरच्या काकू, त्यांची सून, खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर, वरची नर्स आणि तिची दोन मुलं. आईनं शेजाऱ्यांच्याच खुर्च्या आणून शेजाऱ्यांना बसायला दिल्या. स्वतः मात्र बसेना. टीव्हीच्या बाजूला कमरेवर हात ठेवून उभी, जशी काही तिनंच तो तयार केला होता. मी मागे दाराला टेकून उभी राहिले. तोंडाला मलम लावलं होतं, आणि त्या दिवशी त्याची मला लाज वाटत नव्हती.

भाग सुरू झाला. चांगला होता, खोटं कशाला बोलू. कप्तानानं भिंत ढकलली आणि लाकूड करकरलं तेव्हा नर्सचा धाकटा ओरडला, "अरे, हे तर खोटं आहे!" पोस्टमास्तर हसायला लागले. प्लायवुड दिसलं, तारे दिसले, ताऱ्यांमागचे दिवे दिसले, चहाचे कप दिसले. "इथे काम करतेस होय तू?" समोरच्या काकू मान वळवून मला म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात पहिल्यांदा काहीतरी वेगळं होतं. आईनं ते ऐकलं. तिची मान वर झाली.

"मग तू कोण?" कप्तान म्हणाला.

ओर्मानं कानामागे बोटं घातली. ते हात माझे होते. मुखवटा सुटला. आणि आतून एक बाई निघाली.

गोरीपान, तुळतुळीत. केस जरासे विस्कटलेले, पण बेतानं विस्कटलेले. मी तिला ओळखलं, सगळ्यांनीच ओळखलं. साबणाच्या जाहिरातीत असते ती. तिनं कॅमेऱ्याकडे बघितलं.

"माझी आई दर शनिवारी माझ्यासाठी टीव्ही लावते," ती म्हणाली. सगळं म्हणाली. एकेक शब्द. "आई, बघ. ही मी."

"ही कोण?" आई म्हणाली.

पडद्यावर कप्तान त्या बाईचा हात धरून रडत होता. भाग संपला, गाणं लागलं, नामावली सरकायला लागली. पहिल्यांदाच ओर्माच्या पुढे नाव आलं. तिचं.

नर्स मुलांना घेऊन उठली. पोस्टमास्तर खाकरले आणि आईला म्हणाले, "जाऊ द्या हो. होतं असं. पोरं आईबापांच्या समाधानासाठी काहीबाही सांगतात." ते चांगल्या मनानं म्हणाले होते, आणि त्यामुळेच मला त्यांची मान पिरगाळावीशी वाटली. समोरच्या काकूंनी जाताना आपल्या दोन खुर्च्या उचलून नेल्या. उद्या नेल्या असत्या तर चाललं नसतं का?

दार लागल्यावर आई म्हणाली, "तू जा त्यांच्याकडे. चालून दाखव. ती ओर्माची चाल. म्हणजे पटेल."

"मी काय दारोदार नाचणारं अस्वल आहे?" मी ओरडले. "तुला बडबड करायला सांगितली कोणी? जन्मभर तोंडाला कुलूप लावता आलं नाही तुला!"

आई उरलेल्या खुर्च्या एकीवर एक रचत बसली. राग कोणाचा आणि काढला कोणावर. ते कळत होतं, तरी जीभ आवरली नाही माझी.

सोमवारी सकाळी स्टुडिओत गेले. पुढच्या भागाचं काम होतं. मुखवटा नेहमीसारखा लाकडी डोक्यावर टांगलेला होता. रबरदादा पाठमोरे उभे राहून डिंक ढवळत होते. एरवी मी यायच्या आत त्यांची बडबड सुरू व्हायची. त्या दिवशी डिंक ढवळणंच संपेना.

मी मुखवटा काढून उलटा केला. आतून दोन्ही गाल कापून पातळ केले होते. हनुवटीत नवा स्पंज चिकटवला होता आणि कापलेल्या जागी कापूस भरला होता. हा मुखवटा माझ्या चेहऱ्याच्या साच्यावर बनवलेला होता. तो साचा घेताना मी नाकात नळ्या घालून तासभर निपचित पडले होते.

"हे कोणी केलं?"

"मी," ते म्हणाले.

"कधी?"

"सुट्टीच्या दिवशी बोलावलं होतं, ताई. मला आल्यावर कळलं कशासाठी ते. तिला बसत नव्हता, म्हणून..."

"आणि त्यानंतर रोज सकाळी माझ्या तोंडाला हात लावत होतात. रोज. कापलेलं मला कळू नये म्हणून आत कापूस भरत होतात. आणि मी म्हणत होते, दादा, आज जरा सैल वाटतंय."

"माझी दोन वर्षं राहिलीत नोकरीची," रबरदादा म्हणाले.

ते पुन्हा डिंक ढवळायला लागले. मला त्यांची कीव आली नाही. यायला हवी होती कदाचित, आली नाही. मुखवटा त्यांच्या टेबलावर टाकून मी दिग्दर्शकांच्या खोलीत गेले.

ते फोनवर कोणाकडून तरी कौतुक ऐकत होते. मला बघून त्यांनी बसायची खूण केली. मी बसले नाही.

"मी तुला बोलावणारच होतो," फोन ठेवून ते म्हणाले. "अगं, तुझं काम अप्रतिम होतं. त्यात वादच नाही. पण वाहिनीच्या लोकांनी बघितलं आणि ते जरा... शनिवारची संध्याकाळ असते. लहान मुलं जेवत असतात."

"माझं तोंड बघून त्यांची अन्नावरची वासना उडाली असती?"

"मी असं म्हटलं का? प्रश्न तुझ्या दुखण्याचा होता. तुझं दुखणं दाखवून आपण सहानुभूती गोळा करायची, हे मला बरोबर वाटेना. तुझ्या भल्याचाच विचार केला आम्ही."

"माझं दुखणं कशानं झालं, ते विचारलं का वाहिनीच्या लोकांनी?"

ते टेबलावरचे कागद सारखे करायला लागले.

"विचारलं असणार. म्हणूनच काढून टाकलंत मला. चट्टे दिसले असते तर लोकांनी विचारलं असतं, ही बाई अशी का दिसते? प्लायवुड दाखवलंत, खिळे दाखवलेत, उष्टे कप दाखवलेत. आणि वर तिच्या तोंडी माझी आई घातलीत!"

"शब्द मालिकेच्या मालकीचे असतात," ते मऊ आवाजात म्हणाले. त्यांचा आवाज कधीच चढायचा नाही, आणि आम्ही सगळे त्याला सज्जनपणा समजायचो. "तू शांत हो. काम चालूच आहे तुझं. ओर्मा तूच आहेस. फक्त बाहेरचे कार्यक्रम, मुलाखती वगैरे ती बघेल. तुलाही ते सगळं नकोच असतं ना?"

"मला काय नको असतं, हे तुम्ही मला एकदा विचारायचं होतंत."

मी बाहेर पडले. आता एकच जण उरला होता.

कप्तान आरशासमोर बसून संवाद पाठ करत होता. मला आरशात बघून त्यानं कागद खाली ठेवला. मागे वळला मात्र नाही.

"मी विरोध केला होता," तो म्हणाला.

"कुठे? मनातल्या मनात?"

"तुला वाटतं तेवढं सोपं नसतं गं. त्यांनी सगळं ठरवूनच ठेवलं होतं. मी नाही म्हटलं असतं तर माझ्याशिवायही केलं असतं."

"मग करू द्यायचं होतंस. तुझ्याशिवाय. हात तरी धरायचा नव्हतास तिचा."

"मला तसं सांगितलं होतं."

"आणि रडायला? तेही सांगितलं होतं?"

आता तो वळला. त्याचा चेहरा उजळला, जणू मला देण्यासारखं काहीतरी त्याला सापडलं. "रडू नाही आलं मला!" तो म्हणाला. "तेच तर सांगतोय. तिच्यासमोर मला रडूच येईना. किती वेळा केलं. शेवटी त्यांनी तुझ्या वेळचं माझं रडणं घेतलं आणि तिथे जोडलं. ते अश्रू तुझेच आहेत."

मला वाटतं, त्याला खरंच वाटलं होतं की हे ऐकून मला बरं वाटेल.

"म्हणजे तू माझ्यासाठी रडलास तेही तिला देऊन टाकलंस," मी म्हटलं.

मी त्याचं दार आपटलं नाही. हळूच लावलं. आपटलं असतं तर तिथेच सगळा राग संपला असता, आणि मला तो पुरवून वापरायचा होता.

कपडेपटात जाऊन मी ओर्माचा झगा चढवला. लांब मान बसवली, हातमोजे चढवले. मुखवटा सोडून सगळं. आणि तशीच चालत सेटवर गेले. चवडा आधी, टाच शेवटी, हात मागे. सुतार एक फळी ठोकत होते, ते थांबले. मी यानात शिरले आणि कप्तानाच्या खुर्चीच्या डाव्या बाजूला, माझ्या जागी, जाऊन उभी राहिले. निळी मान आणि तिच्यावर माझं तोंड, चट्ट्यांसकट.

"चला," मी म्हटलं. "कॅमेरा सुरू करा."

कॅमेरावाल्यानं दिग्दर्शकांकडे बघितलं. ते धावत आले होते.

"मुखवटा कुठाय तुझा?"

"तो तिच्या मापाचा झालाय. तिला बोलवा. येईल का ती पहाटेची डिंक लावून घ्यायला?"

"हे बघ, शंभर माणसं खोळंबलीत."

"खोळंबू देत. खरं ते खरं, असं कोण म्हणालं होतं? याच जागेवर उभं राहून कोण म्हणालं होतं?"

"मी असं काही म्हटलेलं नाही," ते म्हणाले. सगळ्यांच्या देखत. लेखक तिथेच होता. तो चपलेचा अंगठा निरखत राहिला. कोणी म्हणजे कोणी तोंड उघडलं नाही. शिडीवर शिट्टी मारणारा दिवेवालासुद्धा नाही.

"दिवे बंद करा," दिग्दर्शक म्हणाले.

एकेक करून दिवे गेले. खिडकी नसलेल्या त्या खोलीत भर सकाळी काळोख झाला. त्यांना वाटलं असावं, अंधारात उभी राहून राहून मी आपोआप निघून जाईन. मी उभी राहिले. मोज्यांत घाम साठत होता. कोणीतरी खोकलं. मग अगदी जवळून कप्तानाचा आवाज आला. "चल ना आता. कशाला तमाशा करतेस?"

पुढचं मी ठरवून केलं नाही. समोर यानाचं नियंत्रण-फळकूट होतं, शंभर बटणांचं, अकरा वर्षं मी ज्याच्यावर बोटं फिरवत असल्याचं नाटक केलं ते. मी त्याची कड पकडली आणि ओढली. पहिल्यांदा नुसता आवाज झाला. दुसऱ्यांदा खिळे सुटले. मग मी लाथ घातली आणि ते अख्खं धूड खाली आलं. बटणं खडखडत अंधारात पळाली. मी ताऱ्यांचं कापड धरलं आणि वरपासून खालपर्यंत टरकावलं. तीन बोटांच्या मोज्यात जोर येत नव्हता म्हणून मोजे काढून फेकले आणि पुन्हा टरकावलं. मी काय ओरडत होते ते मला आठवत नाही. नंतर शिवणखात्यातल्या एका बाईनं सांगितलं, मी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "आई माझी आहे." दिवे लावले तेव्हा मी फाटक्या आकाशात उभी होते, आणि दोघांनी माझे दंड धरले होते.

ते फळकूट सुतारांना पुन्हा करावं लागलं असणार. त्यांची मी मनातल्या मनात माफी मागितली. बाकी कोणाची मागितली नाही.

काम अर्थातच गेलं. मी करार मोडून एका वार्ताहराला सगळं सांगितलं. त्यानं आतल्या पानावर चार ओळी छापल्या. वाहिनीनं उत्तर दिलं की संबंधित महिला ही केवळ अंगापुरती बदली कलाकार होती आणि काही वैयक्तिक अडचणींतून जात होती. त्या वर्षी त्या भागाला बक्षीस मिळालं. छोट्या पडद्यावरचा सर्वांत प्रामाणिक प्रयोग म्हणून. साबणवाल्या बाईनं ते घेतलं. ती बोलताना घाबरलेली दिसली, मध्येच अडखळली, एकदा वाटलं ती काहीतरी सांगेल. तिनं तिच्या आईचे आभार मानले.

आईनं टीव्ही बंद केला. अस्वलाचं ते बोलणं झाल्यापासून आम्ही कामापुरतंच बोलत होतो. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मेली. हिला स्वतःची आई होती, मग तुझी कशाला घेतली?"

मी हसले. मग रडले. मग तिचे पाय धरले तर म्हणाली, "पुरे, नाटकं करू नकोस," आणि आम्ही दोघी पुन्हा हसलो.

आता मी नाटकात काम करते. एका जुन्या गोदामाच्या माडीवर छोटं नाट्यगृह आहे. सध्याच्या नाटकात मी न्यायाधीश आहे. रंग लावत नाही, कारण माझ्या कातडीला आता साधी पावडरही सोसत नाही. पहिल्या रांगेतले लोक सुरुवातीला माझ्या हनुवटीकडे बघत बसतात. बघू देत. थोड्या वेळानं खटला रंगतो आणि मग ते मी काय निकाल देते ते ऐकायला लागतात. समोरच्या काकू दोनदा येऊन गेल्या. आईनं त्यांना तिकीट काढायला लावलं.

गेल्या महिन्यात प्रयोगानंतर कप्तान आला. मालिका बंद पडून बरेच दिवस झाले होते. तो जाड झाला होता आणि हातात फुलं होती. बाकी मंडळी बाहेर गेल्यावर तो रंगपटाच्या दारात उभा राहिला.

"छान करतेस," तो म्हणाला. "तुझा चेहरा... मी इतकी वर्षं तुझ्यासमोर उभा राहिलो आणि मला माहीतच नव्हतं तुझा चेहरा एवढं बोलतो."

"तुला एकदा दिसला होता."

त्यानं मान खाली घातली. फुलांचा कागद चुरचुरला. "राग गेला नाही का अजून?"

मी विचार केला. खरंच केला. त्यानं धरलेला पेला आठवला, त्याचे वडील आठवले.

"नाही," मी म्हटलं. "आणि तो घालवायला तू येऊ नकोस. जाईल तेव्हा जाईल, नाहीतर राहील. तो माझा आहे."

"मग ही फुलं?"

"खाली दाराशी तिकिटं फाडायला एक बाई असतात. त्यांना दे. दिवसभर उभ्या असतात, त्यांना कोणी काही देत नाही."

तो जिना उतरला. थोड्या वेळानं खालून त्या बाईंचा आवाज आला, "अय्या, मला?" मी दिवा मालवला आणि आईला फोन लावला, निघते म्हणून.